शेळीच्या प्रश्नाची उत्तरसूची

१४ डिसेंबर, रविवार. चौथीचा गुणतक्ता भरायला बसले. धुणं वाळत घातलं होतं, संध्याकाळच्या भाजीसाठी तुरीच्या शेंगा सोलून झाल्या होत्या. टेबल पुसून त्यावर एकोणीस उत्तरपत्रिका मांडल्या. काम डोक्याचं नसतं. उत्तरपत्रिकेवरचा आकडा तक्त्यात उतरवायचा, आकड्यांवरून मुलांचे तीन गट पाडायचे आणि गटांची यादी करायची. सोमवारी यादी शाळेच्या भिंतीवर लागली पाहिजे आणि तिचा फोटो केंद्रप्रमुखांना गेला पाहिजे. केंद्रप्रमुख म्हणजे आमच्या भागातल्या दहा-बारा शाळांवर लक्ष ठेवणारे साहेब. फोटो आला की काम झालं, असं ते मानतात. भिंतीवर खरंच काय आहे ते बघायला कोणी येत नाही.

पेपर मी तपासलेले नव्हते. आपल्या वर्गाला आपणच गुण दिले की सगळी मुलं हुशार निघतात, म्हणून या वर्षी शाळांनी एकमेकांचे पेपर तपासायचे असं ठरलं. अविश्वासाला नियमात बसवलं की त्याला पारदर्शकता म्हणतात. आमच्या चौथीचे पेपर नदीपलीकडच्या शाळेतल्या मॅडमकडे गेले होते आणि शनिवारी लाल खुणा होऊन परत आले.

चाचणी वाचून समजतं का याची होती. एक उतारा, त्याखाली एकेका गुणाचे पाच प्रश्न. त्यांची उत्तरं उताऱ्यावर बोट ठेवून दाखवता येतात. शेवटी पाच गुणांचा एक मुक्तोत्तरी प्रश्न. मुक्तोत्तरी म्हणजे ज्याचं ठरलेलं एक उत्तर नाही असा. मुलाने वाचलेलं आणि स्वतःच्या डोक्यातलं एकत्र करून काय ते लिहायचं. या प्रश्नाला हल्ली फार मान आहे. इतका की त्यात शून्य मिळालं तर आधीचे पाच गुण असून नसल्यासारखे. मुलाला आकलन नाही असं धरायचं आणि पहिल्या गटात टाकायचं.

पहिला गट म्हणजे मार्चपर्यंत रोज दोन तास दुसरीच्या मुलांमध्ये बसून अक्षरकार्डं उचलणे.

उतारा असा होता. एका बाईच्या वावरात शेजारच्यांची शेळी शिरली आणि हरभरा खाऊ लागली. बाईने शेळी धरून खुंटाला बांधली. शेळी ओरडत राहिली. एका मुलाने ते पाहिलं आणि कोणाचं लक्ष नाही असं बघून दोरी सोडून दिली. शेळी पळाली. प्रश्न: मुलाने केलं ते बरोबर केलं का? तुला काय वाटतं ते कारणासह लिही.

सतरा मुलांनी लिहिलं होतं: मुलाने बरोबर केले. मला असे वाटते की आपण प्राण्यांवर दया करावी. प्राणी आपले मित्र आहेत. सतराही जणांना अगदी हेच वाटत होतं, याच शब्दांत. काहींनी 'दया' खाली रेघही मारली होती. सतराही जणांना पाचपैकी पाच.

हे त्यांना मी शिकवलं होतं. लपवण्यात अर्थ नाही, आमच्याकडे सगळेच शिकवतात. परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात फळ्याचे चार भाग करायचे. गोष्टीत प्राणी असला तर दया. झाड असलं तर निसर्गाचं रक्षण. म्हातारं माणूस असलं तर आदर. पाणी असलं तर बचत. मुलं दोन दिवसांत तरबेज होतात. मग त्यांना वाचायचीही गरज उरत नाही. उताऱ्यात शेपूट दिसलं की दया. मुक्त उत्तरासाठी चार खुंट ठोकून द्यायचे आणि वर्ग बोलका झाला म्हणून फोटो टाकायचे, यात मी बरीच तयार आहे. माझ्या वर्गाचे फोटो तालुक्याला दाखवले गेले आहेत.

अठराव्या पेपरात त्या प्रश्नाखाली काहीच नव्हतं. तो मुलगा दिवाळीनंतर वीटभट्टीवरून आलेला, त्याला अजून जोडाक्षरं फुटत नाहीत. त्याला कार्डांची खरंच गरज आहे. त्याचं शून्य बरोबर होतं.

एकोणिसावा पेपर तिचा होता. पाचही छोटे प्रश्न बरोबर. आणि शेवटच्या प्रश्नाखाली, रेघा संपल्या म्हणून कडेच्या कोऱ्या जागेतही लिहिलेलं उत्तर:

"पोराने चूक केलं. ज्या बाईचा हरभरा खाल्ला तिला कोणीच विचारलं नाही. आमच्या वावरात शेळी आली तर माझी आई बांधून ठेवते. मग शेळीची मालकीण येते. दोघी भांडतात. मग मालकीण आपल्या पोरीला आठ दिवस आमच्या वावरात राखणीला पाठवते. पोराने शेळी सोडली तर भांडण पण नाही झालं आणि राखण पण नाही झाली. शेळी उद्या अजून येईल. बांधलेल्या शेळीला पाणी मी पाजते."

त्यावर लाल पेनाने तिरपी रेघ आणि शून्य.

मी पेन खाली ठेवलं. ही मुलगी शाळेतली सगळ्यात चांगली वाचणारी आहे. दोन एकर वावर, आई ते बघते, बाप वाशिमला एका दवाखान्यात शिपाई आहे आणि शनिवारी येतो. घरी वर्तमानपत्र येत नाही, पण बाप दवाखान्यातले जुने अंक आणतो आणि ही ते शेवटच्या पानापासून वाचते. शाळेत काहीही वाचलं की तिला त्यातलं कोणीतरी चुकलेलं सापडतं. एकदा धड्यातला राजा वेश बदलून गावात हिंडत होता तर म्हणाली, "मॅडम, याले काही कामच नाही का?" आता ही दुसरीच्या मुलांबरोबर 'का'चं कार्ड शोधणार.

गेल्या वर्षी असंच एका मुलीचं झालं होतं. तीही जरा आडवं-तिडवं लिहायची. पहिल्या गटात बसवली तेव्हा पहिले दोन दिवस रडली. पंधरा दिवसांत चारही खुंट पाठ केले आणि पुढच्या चाचणीत तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात वरच्या गटात गेली. आम्ही तिच्या प्रगतीचा आलेख काढला. त्यानंतर तिने काहीही आडवं लिहिलेलं नाही. आता पाचवीत आहे, सगळ्यांवर दया करते.

मी नदीपलीकडच्या मॅडमला फोन लावला. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"बोला ताई. जेवण झालं का?"

"झालं. आमच्या चौथीतलं एक उत्तर विचारायचं होतं. शेळीचं. राखणीचं लिहिलंय ती."

"हाओ, हाओ," त्या हसायलाच लागल्या. "थे तं म्या आमच्या घरी साऱ्याईले वाचून दाखोलं. आमचे मिस्टर म्हने, हे पोट्टी सरपंच होते पाय. लय मस्त लिवलं, ताई."

"मग शून्य काहून?"

"आता काय करू म्या? सूचीत दया आहे. दयेले तीन गुन, प्रानी आपले मित्र म्हटलं तं दोन. त्या उत्तरात दया कुठीसा आहे?"

"बांधलेल्या शेळीला पाणी पाजते, लिहिलंय."

त्यांनी मागे कोणाला तरी भांडी हळू वाजवायला सांगितलं.

"थे शेवटी लिवलं ना तिनं," त्या म्हणाल्या. "आनं सुरवातच चूक केली. सूचीत लिहून आहे, मुलाने बरोबर केले. तिनं चूक केलं म्हटलं. तं पुढं वाचाचं कामच नव्हतं, म्या तरी वाचलं."

"वाचून आवडलं आणि शून्य दिलं."

"ताई, मले वाटलं थे देऊन मी मोकळी झाली आनं उद्या कोनी विचारलं तं? मायी सर्व्हिस सात वर्षांची आहे. तुमाले काय, तुमी जुन्या." मग आवाज खाली घेऊन म्हणाल्या, "खरं सांगू का, सूची काढनाराच अडानी आहे. शेळी पायलेलीच नसन त्यानं. वावर तं नाईच नाई. तालुक्याले खुर्चीत बसून काढली असन."

मी म्हटलं, "असेल," आणि फोन ठेवला.

सूची मी काढली होती. हे वरच लिहायला हवं होतं, पण दुसऱ्याला नावं ठेवून झाली की मगच आपलं सांगावंसं वाटतं.

सप्टेंबरात तालुक्याला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. विषय: मुक्तोत्तरी प्रश्नांतून वाचन आकलन. चाळीस शिक्षक, एक सुलभक. हल्ली शिकवणाऱ्याला सुलभक म्हणतात, कारण तो काही शिकवत नाही. भिंतीवर मोठ्या अक्षरांत उजेड पाडून त्यांनी आम्हाला वाचून दाखवलं की मुलांना मोकळं होऊ द्या, त्यांच्या उत्तराला चूक म्हणू नका. मग सराव म्हणून आम्हालाच एक प्रश्न विचारला: चिमणीने घरटं का सोडलं असेल? मागच्या रांगेतले एक गुरुजी म्हणाले, "मांजर आली असन." दुसरे म्हणाले, "घर विकलं असन त्यानं." सुलभक म्हणाले, "नाही, नाही. उत्तर पुढच्या पानावर आहे." पुढच्या पानावर प्रदूषण होतं. चाळीस जणांनी वहीत प्रदूषण लिहून घेतलं. मीही लिहिलं. कोणी हसलंसुद्धा नाही, आणि त्याचं मला तेव्हा काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्हा पाच जणींना चाचणी काढायला बसवलं. माझं अक्षर चांगलं आणि मी वाद घालत नाही असा समज आहे, म्हणून मला बोलावतात. शेळीचा उतारा माझा. प्रश्नही माझा. चांगलाच आहे तो, आजही म्हणेन. आमच्या गावात शेळ्यांवरून आठवड्याला एक भांडण होतं. मुलं त्यावर काहीबाही लिहितील, असं माझ्या मनात होतं.

मी कागद दिला. सुलभक म्हणाले, "उत्तरसूची?"

मी म्हटलं, "सर, मुक्तोत्तरी आहे."

"मुक्त आहे म्हणून काय वाट्टेल ते? मॅडम, तपासणाऱ्याला काहीतरी आधार लागेल ना. अपेक्षित मुद्दे टाका. रकाना रिकामा चालणार नाही."

त्या रकान्यात मी लिहू शकले असते: बरोबर किंवा चूक, काहीही चालेल, कारण उताऱ्याशी जुळतं का ते पाहावं. एवढं पुरलं असतं. पण त्यावर ते बोलले असते, मग मी बोलले असते, बाकीच्या चौघी घड्याळाकडे बघत होत्या आणि कामरगावची गाडी सव्वापाचला होती. ती गेली की पुढे जीपमध्ये अर्ध्या सीटवर बसून यावं लागतं. मी लिहिलं: मुलाने बरोबर केले. दया, तीन गुण. प्राणी आपले मित्र, दोन गुण. दोन मिनिटंही लागली नसतील. खिडकीची जागा मिळाली.

तेव्हा अडाणी कोण, ते त्या मॅडमने बरोबर ओळखलं होतं. फक्त 'त्यानं' म्हटलं एवढंच.

चारच्या सुमारास केंद्रप्रमुखांना फोन केला. त्यांची स्तुती करायची तर एवढीच की ते फोन उचलतात. मी सगळं सांगितलं. उत्तर वाचूनही दाखवलं.

"हुशार आहे पोरगी," ते म्हणाले. "मंग अडचन काय आहे?"

"शून्य आहे. उद्या पहिल्या गटात जाईल."

"पेपर कोनापाशी आहे?"

"माझ्याजवळ."

"लाल पेन?"

"आहे."

"मंग मले कायले विचारून राह्यल्या, मॅडम? शून्याच्या पोटात रेघ ओढा, वर शेपटी द्या, पाच करा. कोन पायते? म्या तुमाले सांगतलं नाई आनं तुमी मले विचारलं नाई."

"आणि बाकीच्या शाळांत कोणी असं लिहिलं असेल तर?"

"थ्यायच्या मॅडम पायतीन."

"रीतसर दुरुस्ती करायची तर काय करावं लागेल?"

आता ते जरा वैतागले. "रीतसर म्हनजे अर्ज द्या. सूची चुकीची आहे असं लिवून द्या. मंग म्या तो वर पाठोतो. वरून विचारतीन, सूची कोनं काढली? त्याले महिन्याच्या शिक्षण परिषदेत उभं राहून खुलासा द्या लागन, पुऱ्या केंद्रासमोर. एका पोट्टीपायी कोन्या बिचाऱ्याची इज्जत काढता?"

"मीच काढली होती, सर."

ते मग मोठ्याने हसले. "मंग तं मॅडम, मुकाट्यानं शेपटी द्या. तुमचंच भलं आहे त्याच्यात."

मी फोन ठेवला आणि लाल पेन शोधलं. उगाच तत्त्वाची बाई असल्याचा आव आणत नाही. पेपर समोर ओढला, टोपण काढलं. शून्याचे पाच करणं फार सोपं आहे, मराठीत तर फारच. मुलगी सुटली असती, मी सुटले असते. सोमवारी कोणी काही विचारलं नसतं.

पण एका शून्याची शेपटी ओढली तरी सूची तशीच राहते. पुढच्या चाचणीला तीच मुलगी बसणार आणि तोवर सूचीतलं उत्तर काय होतं ते तिला वर्गात कळलेलं असणार. मुलं पेपर परत मिळाल्यावर पहिलं तेच बघतात, दुसऱ्यांनी काय लिहिलं. अठरापैकी सतरा एकीकडे आणि ती एकटी. पाच गुण मिळाले तरी तिने काय लिहायचं ते तिला कळून चुकलं असतं. गेल्या वर्षीच्या मुलीलाही कोणी मारलं नव्हतं. तिने फक्त बाकीच्यांकडे पाहिलं होतं.

शिवाय मला राग आला होता. त्या हसण्याचा. माझ्या इज्जतीची काळजी त्यांना इतकी होती की ती त्यांच्या ताब्यात गेल्यासारखी झाली होती. अशी शेपटी एकदा ओढली की दर वर्षी ओढावी लागते. आमच्या केंद्रात अशा बऱ्याच जणी आहेत. त्या साहेबांसमोर बसल्या की पदर सावरत राहतात आणि कशालाही हो म्हणतात. मी त्यांच्याकडे नेहमी नाक मुरडून बघत आले आहे. आपण त्यांच्यात जाऊन बसावं अशी माझी इच्छा नव्हती.

टोपण लावलं. निळ्या पेनाने अर्ज लिहिला, कार्बन घालून, दोन प्रती. विषय: चौथीच्या वाचन आकलन चाचणीतील मुक्तोत्तरी प्रश्नाच्या उत्तरसूचीत दुरुस्ती करणेबाबत. उपरोक्त विषयास अनुसरून वगैरे नेहमीचं. मग सरळ: सदर उत्तरसूची मी स्वतः तयार केली आहे. ती चुकीची आहे. 'मुलाने चूक केले' असे कारणासह लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना शून्य देणे योग्य नाही. केंद्रातील सर्व शाळांच्या अशा उत्तरपत्रिका पुन्हा तपासाव्यात. खुलासा देण्यास मी परिषदेत उपस्थित राहीन. खाली सही. सोबत उत्तरपत्रिकेची झेरॉक्स जोडायची होती, ती सकाळी काढणार होते. गुणतक्त्यात तिच्या नावापुढचा रकाना तसाच ठेवला. मग भाजी टाकली.

सोमवारी सकाळी साडेसातच्या जीपने निघाले. चौकात झेरॉक्सवाल्याला उठवून प्रत काढली. केंद्रशाळा वाटेवरच आहे. साहेब अजून आले नव्हते. तिथल्या गुरुजींनी अर्ज वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाले, "मॅडम, घरी काही भांडन-बिंडन झालं का?" मी म्हटलं, "आवक नंबर टाका आणि पोच द्या." त्यांनी दिली. माझ्या प्रतीवर शिक्का मारताना ते माझ्याकडे असे बघत होते, जणू मी राजीनामाच देऊन चालले आहे.

शाळेत पोचले तर परिपाठ संपत होता. यादी लिहिली. पहिल्या गटात एक नाव, वीटभट्टीवरच्या मुलाचं. तिचं नाव तिसऱ्या गटात, पुढे कंसात 'फेरतपासणी अर्ज दिला'. यादी भिंतीला चिकटवली. मुलं गोळा झाली. ती पुढे आली, पेपर हातात होता, मी नुकताच वाटला होता.

"मॅडम, मले तं शून्य आहे."

"ते चुकलं आहे. तपासायची सूची चुकीची होती. मी काढली होती."

तिने यादीकडे पाहिलं, पेपरकडे पाहिलं. माझी चूक तिला फार नवलाची वाटली नसावी.

"मंग मायं बरोबर आहे तं याईचं चूक का?" तिने मागच्या सतरा जणांकडे हनुवटी केली.

"असं नाही. त्यांना तसं वाटत असेल."

"नाई वाटत, मॅडम," तिने एका मुलाकडे बोट दाखवलं. "यानं दया लिवलं. आनं आत्ता येता येता शेळीले गोटा हानला."

"मायाच शेळीले हानला," तो मुलगा म्हणाला. "तुया नाई."

वर्ग हसला. मी सतराही पेपर परत गोळा केले, त्या प्रश्नाखाली 'पुन्हा लिहा' असा शेरा मारायला सुरुवात केली आणि मुलांना पाणी प्यायला सोडलं.